वहीत शिल्लक दिसते, मग पैसे जातात कुठे?

पत्र

प्रिय मावशी,

आम्ही बदलापूरला राहतो. हे ठाण्यात खासगी कंपनीत आहेत, हातात 41,000 येतात. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते, त्याचे 5,000 सुटतात. घराचा हप्ता 15,200. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, मुलगी सातवीत, मुलगा बालवाडीत. मी रोजचा हिशोब वहीत लिहिते. महिनाअखेर वहीत 1,200 शिल्लक दिसते, पण प्रत्यक्षात कायम ओढाताण. दोनाचं एक पिशवी दूध केलं, रिक्षा सोडली, माझ्या थायरॉइडच्या गोळ्या चार महिन्यांपासून बंद आहेत. आणखी कुठे हात आखडू, कळत नाही.

परवा मुलाचं आधार कार्ड शोधताना यांच्या बॅगेत क्रेडिट कार्डाचं बिल सापडलं, 68,000 बाकी. त्याला दरमहा 3,400 भरतात. मला वाटायचं ते पतपेढीचे आहेत, तसंच सांगितलं होतं. विचारलं तर म्हणाले, "ऑफिसचं आहे, तू नको बघू." तीन रात्री मी झोपले नाही. पण मावशी, मीही काही लपवलंय. 20 जणींची 2,000 ची भिशी आहे. आठव्या महिन्यात माझी चिठ्ठी निघाली, 40,000 मिळाले. भिशीत पैसे भरते हे त्यांना ठाऊक आहे, पण रक्कम हातात आली हे सांगितलेलं नाही. वेळप्रसंगाला असू देत म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवलेत. आता ते कार्डाला देऊन टाकू का? की गप्प बसू? मुलगी शाळेतून आली आणि आपणहून म्हणाली, "मला सहलीला जायचं नाहीये." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

— एक वाचक, बदलापूर (पत्र संक्षिप्त केलं आहे)

उत्तर

प्रिय मुली,

आधी गोळ्या सुरू कर. हिशोबाचं नंतर बोलू. शंभर गोळ्यांची बाटली दोन-अडीचशे रुपयांच्या आसपास मिळते आणि तीन महिने पुरते. त्या थांबवून तू महिन्याला शंभर रुपयेसुद्धा वाचवत नाहीयेस. उलट थकवा, अंग जड होणं, चिडचिड आणि शिवणाला बसवत नाही अशी अवस्था ओढवून घेते आहेस. चार महिने खंड पडलाय, म्हणून जुन्याच मात्रेवर परस्पर सुरू करू नकोस, डॉक्टरांना दाखव, रक्त तपासून घे. घरात पैसे कमी पडले की बाई सगळ्यात आधी स्वतःच्या ताटातलं आणि औषधातलं कमी करते. मला येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात हेच असतं आणि दर वेळी वाचताना पोटात तुटतं.

तू विचारतेस, आणखी कुठे हात आखडू. माझं उत्तर आहे, कुठेच नाही. तू पत्रासोबत पाठवलेली वहीची दोन पानं मी पेन घेऊन पाहिली. पाच माणसांचा किराणा 6,500, भाजी-फळं 2,500. यातून आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही. दुधाची दुसरी पिशवी परत सुरू कर, मुलं वाढत्या वयाची आहेत.

तुझ्या वहीत चूक नाही. ती फक्त महिन्याची आहे, आणि घर वर्षभर चालवायचं असतं. त्या पानांवर मला काय दिसलं नाही ते सांगते. जूनमधली वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, छत्र्या आणि शाळेची वर्षाची फी दिसली नाही. गणपतीला गावी जाण्याचं भाडं, तिथला शिधा, आरतीच्या ताटात टाकायचे पैसे दिसले नाहीत. दिवाळीचे कपडे, फराळ, भाऊबीज नाही, घरपट्टी नाही, लग्नसराईतले आहेर नाहीत. यातलं काहीही अचानक येत नाही. कालनिर्णय भिंतीवर लागतं त्या दिवशी यातल्या बहुतेक तारखा आपल्याला ठाऊक असतात. तरी दर वेळी आपण "या महिन्यात जरा जास्त झालं" म्हणतो आणि पान उलटतो.

तुझ्या पत्रातल्या तपशिलावरून मी ढोबळ बेरीज केली. जूनचे 14,000, गणपतीचे 9,000, दिवाळीचे 11,000, आहेर 5,000, घरपट्टी 3,000. झाले 42,000. यजमानांना दिवाळीला 12,000 बोनस मिळतो असं तू लिहिलं आहेस. तो वजा केला तरी 30,000 उरतात, म्हणजे महिन्याला 2,500. तुझ्या वहीतली शिल्लक 1,200. दरमहा 1,300 कमी पडतात, वर्षाला 15,600. ही तूट कुठून तरी भरून निघत होतीच ना? ती कार्डावरून निघत होती. त्यात गेल्या वर्षीचं सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, त्यावर व्याज चढत गेलं. 68,000 चा मोठा भाग असाच साठला असणार, असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणते, कारण खात्री फक्त स्टेटमेंट बघून होईल. गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट दोघांनी मिळून ओळ न् ओळ वाचा. शाळा, तिकिटं, दवाखाना, किराणा असेल तर ते कर्ज घराचं आहे, यजमानांचं एकट्याचं नाही. पण ज्यांचा खुलासा होत नाही अशा रकमा दिसल्या, मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांना किंवा झटपट कर्ज देणाऱ्या ॲपना पैसे गेलेले दिसले, तर मी पुढे लिहिते आहे त्यातलं काहीही करू नकोस. मग प्रश्न वेगळा आहे. मला पुन्हा लिही.

आता ते दरमहाचे 3,400. तुला वाटतं कर्ज फिटतंय. बिलावर "मिनिमम ड्यू" म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम लिहिलेली असते, ती ही, बाकीच्या 5 टक्के. तू पाठवलेल्या बिलावर व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे. 68,000 वर ते झाले 2,380, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,800 च्या वर. भरलेल्या 3,400 तले सहाशेसुद्धा मुद्दलात जात नाहीत. वर्षाला 30,000 हून जास्त नुसतं व्याज. तू एक पिशवी दूध कमी करून वर्षभरात जे वाचवलंस, त्याहून जास्त इकडे जातंय. शिवाय मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. घेतल्या दिवसापासून मीटर सुरू. त्यामुळे कार्डावर आजपासून एक रुपयाही घालायचा नाही, मोबाइलचं रिचार्जसुद्धा नाही.

भिशीचे 40,000 कार्डाला देऊ का, असं विचारतेस. नको. ते 40,000 तुझे नाहीत गं! 20 जणींची भिशी आहे, तुझी चिठ्ठी आठव्या महिन्यात निघाली, अजून 12 हप्ते तुला भरायचे आहेत. म्हणजे 24,000 बाकीच्या मैत्रिणींचे आहेत. तुझे खरे 16,000. भिशी चालते ती एकमेकींच्या शब्दावर. चिठ्ठी उचलून मागून हप्ते चुकवणारी बाई सोसायटीत पुन्हा मान वर करून चालू शकत नाही, आणि तुला तसं कधीच करायचं नाहीये हे मला माहीत आहे. म्हणून ते पैसे तांदळातून काढ आणि तुझ्या एकटीच्या बचत खात्यात भर. पुढचे 12 हप्ते त्या 24,000 मधूनच जाऊ देत. म्हणजे घरखर्चातून जाणारे महिन्याचे 2,000 याच महिन्यापासून मोकळे होतात. उरलेले 16,000 हलवायचेच नाहीत. रात्री-बेरात्री दवाखाना आला तर कार्ड बाहेर काढावं लागू नये, म्हणून ते.

मग 68,000 चं काय? तुझ्या पाटल्या आहेत, लग्नात आईने घातलेल्या. "त्या मोडाव्या का" असं तू पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहून पुन्हा खोडलं आहेस. मोडू नकोस, गहाण ठेव. बँकेचं सोनेतारण कर्ज वर्षाला साधारण दहा-अकरा टक्क्यांच्या घरात मिळतं. साडेदहा टक्के धरून 24 महिन्यांच्या हप्त्याने 68,000 फेडले तर हप्ता 3,150 च्या आसपास येतो. आज भरता त्या 3,400 पेक्षा तो कमीच, आणि दोन वर्षांत कर्ज खरोखर संपतं. एकूण व्याज पावणेआठ हजारांच्या आसपास. कार्ड देणाऱ्या बँकेला सांगून बाकी हप्त्यांत बदलून घेता येते, तेही विचारून बघा. पण तिथला दर सोनेतारणापेक्षा बहुधा जास्तच निघेल.

यात माझ्या काही अटी आहेत आणि त्यांवर मी हट्टाने अडून बसणार आहे. स्टेटमेंट पाहिल्याशिवाय पाटल्या कपाटाबाहेर काढायच्या नाहीत. कर्ज तुझ्या नावावर, पावती तुझ्या हातात. माहेरून आलेलं सोनं स्त्रीधन आहे, त्यावर हक्क फक्त तुझा. नवऱ्याने अडचणीत ते वापरलं तर परत करण्याची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्येही पुन्हा सांगितलं आहे. दर महिन्याला हप्ता भरायचा. "वर्षअखेरीला एकदम भरा" असा प्रकार घ्यायचा नाही, कारण एकदम भरण्याइतके पैसे तेव्हाही नसतात आणि सोनं लिलावाला जातं. आणि कार्डाची बाकी भरली की त्याच दिवशी कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्यायचा. बाकी शून्य असेल तर अर्जानंतर 7 कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता वहीकडे परत बघ. शिल्लक 1,200 होती. भिशीचे 2,000 मोकळे झाले, हप्त्यात 250 वाचले. झाले 3,450. वर्षाच्या खर्चासाठी हवेत 2,500. ते पगाराच्या दिवशीच वेगळे काढायचे, महिनाअखेर उरले तर नव्हे. पोस्टात किंवा बँकेत दुसरं खातं उघड, त्या खात्याला मोबाइलवरचं पैसे पाठवायचं ॲप जोडू नकोस. माझी आई परळच्या चाळीत हे कापडाच्या पुरचुंड्या बांधून करायची. भाड्याची एक, वाण्याची एक, आणि एक नुसती "सणाची". ती सणाची पुरचुंडी तिने वडिलांच्या आजारपणातही सोडली नव्हती. मी तेव्हा रागावले होते, आज मला तिचं बरोबर वाटतं. उरलेल्या 950 मध्ये तुझ्या गोळ्या आणि दुधाची अर्धीअधिक पिशवी बसते.

बाकीची सोय सासूबाईंच्या औषधांत होईल. वहीत त्यांचे महिन्याला 2,200 दिसतात, म्हणजे बीपी-शुगरच्या कंपनीच्या नावाच्या गोळ्या असणार. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचारा, हीच औषधं जनऔषधी केंद्रातून घेतली तर चालतील का. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात आणि बिल निम्म्याच्या खाली येऊ शकतं. आणखी एक, 70 वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळण्यासाठी आयुष्मान कार्ड ऑक्टोबर 2024 पासून निघतं. सासूबाई 71 च्या आहेत. आधार कार्ड घेऊन ते काढून घ्या, आत्ताच, आजारपण यायच्या आधी.

राहिलं यजमानांशी बोलणं. तू गप्प बसावंस असं मला मुळीच वाटत नाही. ते खोटं बोलले, ते चूकच. पण तो माणूस 7:12 च्या लोकलला लटकून जातो, घरात कमी पडलेलं कार्डाने भरतो आणि बायकोला सांगायची लाज वाटते म्हणून "ऑफिसचं आहे" म्हणतो. तू तांदळाच्या डब्यात पैसे लपवतेस. दोघंही घराला जपताय आणि दोघंही एकमेकांना घाबरताय. ठाण्याहून दमून आल्या आल्या विषय काढू नकोस, सासूबाईंसमोर तर नाहीच. रविवारी दुपारी त्या आडव्या झाल्या की वही घेऊन बस. सुरुवात त्यांच्या बिलाने नको, तुझ्या 40,000 ने कर. "मी तुमच्यापासून हे लपवलं होतं" एवढं आधी म्हण आणि थांब. त्यांना बोलायला वेळ लागेल. पहिल्या दिवशी आवाज चढलेच तर वही मिटून ठेव, पुढच्या रविवारी पुन्हा उघड. आणि ते म्हणाले की भिशीचे सगळे पैसे दे, तर वर लिहिलेलं 24,000 आणि 16,000 चं गणित त्यांच्यासमोर मांड. तिथे मात्र नमतं घेऊ नकोस.

आणि लेक. सातवीतल्या मुलीला घरातलं सगळं कळतं, आपण कितीही दार लावून बोललो तरी. ती सहलीला नको म्हणाली कारण तिने तुझी वही वाचली आहे किंवा तुझा चेहरा. तिला जवळ घेऊन खरं सांग, तिला झेपेल एवढं. घरात थोडी ओढ आहे, बाबा आणि मी मिळून मार्ग काढतोय, आणि त्यासाठी तू काही सोडायचं नाहीस. सहलीचे किती भरायचे आहेत ते तू लिहिलं नाहीस. शाळेत विचार, मुदत गेली नसेल तर पुढच्या ब्लाउजांच्या पैशातून भरून टाक. तो खर्च वर्षाच्या बेरजेत मी धरला नव्हता, तू लिहून घे.

तुझी,
मावशी