मूळ किंमत नेमकी कोणासाठी असते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या वर्षी खानापुरात बसून आपण एका मनोरंजन अ‍ॅपचे वार्षिक सदस्यत्व घेतले. तेव्हा पडद्यावर "मूळ किंमत १,४९९ रुपये, आज फक्त ७४९, थेट ५० टक्के बचत, कधीही रद्द करा" असे लिहिलेले होते. यंदा आपल्या खात्यातून परस्पर १,४९९ रुपये वळते झाले आणि त्याच दिवशी निपाणीच्या आपल्या मेहुण्यांना तेच सदस्यत्व ७४९ रुपयांना दिसत होते. याला फसवणूक म्हणावे की आपलाच निष्काळजीपणा, असे आपण विचारले आहे. मी बेळगावातील एका मासिकाच्या वर्गणी विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणजे अशी वाक्ये लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसलेलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

नव्या ग्राहकाला पहिल्या वर्षी कमी दर देणे यात स्वतःहून गैर काही नाही. गैर असेल तर ते शब्दांत, आणि शब्दांतही टक्क्यांच्या हिशेबात फारसे नाही. शहापुरात साडी घेताना दुकानदार निम्मी किंमत लावतो, आपण पदर हाताने चाचपून पाहतो, पैसे देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. सदस्यत्वाचा व्यवहार पहिल्या पैशाने सुरू होतो. त्यामुळे "५० टक्के बचत" हे वाक्य किती काळासाठी खरे आहे, हे सांगितल्याशिवाय ते अर्धवटच राहते. आपल्याच आकड्यांवर पाहा. दोन वर्षे सदस्यत्व चालू ठेवले तर २,९९८ रुपयांऐवजी २,२४८ भरावे लागतात, म्हणजे बचत २५ टक्के होते. तीन वर्षे ठेवले तर ती १७ टक्क्यांच्याही किंचित खाली येते. जाहिरात देणाऱ्याला ग्राहक तीन वर्षे टिकावा असे वाटत असते, आणि आकडा मात्र तो पहिल्या वर्षाचा छापतो.

खरी मेख "मूळ किंमत" या दोन शब्दांत आहे. आपल्या मेहुण्यांना एक वर्षानंतरही ७४९ हाच दर दिसत असेल, तर नव्या ग्राहकाकडून १,४९९ रुपये कधी घेतले जात होते का, असा प्रश्न उरतो. आपण ते भरले आहेत, म्हणून ती किंमत सर्वस्वी काल्पनिक आहे असेही म्हणता येत नाही. पण ती फक्त जुन्या, रद्द करायला विसरलेल्या ग्राहकाकडून वसूल होते. म्हणजे विसरल्याच्या दंडाला मूळ किंमत म्हटले गेले आणि नेहमीच्या दराला सवलत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथेची जी व्याख्या आहे तिच्यात, एखादी वस्तू किंवा सेवा सामान्यतः ज्या किमतीला विकली जाते त्या किमतीबाबत लोकांची ठळक दिशाभूल करणे, याचा स्पष्ट समावेश आहे. त्याच कायद्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी मानली आहे. प्रत्येक शब्द सुटा घेतला तर खरा ठरतो, एवढ्यावर सुटका होत नाही. वाचणाऱ्याचा एकूण समज काय होतो हे पाहावे लागते.

येथे एक कबुली देतो. आमच्या मासिकाने एके वर्षी वार्षिक वर्गणी ३०० वरून ३६० रुपये केली आणि दोनच महिन्यांनी "वार्षिक वर्गणीदारांना दिवाळी अंक मोफत" असे पत्रक काढले. तो मजकूर मीच लिहिला होता. त्यात एकही खोटा शब्द नव्हता, आणि वाढवलेले साठ रुपये नेमके कशाचे आहेत हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. वडगावच्या एका जुन्या वर्गणीदाराने दोन्ही वर्षांच्या पावत्या माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एक शब्दही न बोलता तो माझ्याकडे पाहत राहिला. मला उत्तर सुचले नाही.

"आज फक्त" या शब्दांबद्दल फार चर्चा करण्याची गरज नाही. जी सवलत वर्षभर चालू आहे तिला आजच्या दिवसाची मुदत लावणे ही खोटी घाई आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डिजिटल व्यवहारांतील फसव्या मांडण्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतील तेरा प्रकारांत पहिलाच प्रकार हा आहे.

"कधीही रद्द करा" हे वाक्य मात्र नीट तपासावे लागेल, कारण येथे थोडा भाग आपल्याकडेही येतो. सामान्य माणूस याचा अर्थ, रद्द केल्यावर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील, असा घेतो. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र बहुधा पुढील वर्षाची वसुली थांबेल एवढाच अर्थ असतो. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत सदस्यत्वाचा सापळा हा वेगळा प्रकार सांगितला आहे: रद्द करण्याचा पर्याय लपवणे, ती प्रक्रिया किचकट करणे किंवा तिच्या सूचना संदिग्ध ठेवणे. आपल्याला ते बटण दोन मिनिटांत सापडले असेल, तर हा आरोप टिकणार नाही. शिवाय "परस्पर" हा शब्दही पूर्णपणे लागू होत नाही. पहिल्यांदा पैसे भरताना आपण आपोआप वसुलीला संमती दिलेली असते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी रक्कम व तारीख कळवणारी सूचना ग्राहकाला पाठवावी लागते. आपल्या फोनवरील त्या दोन-तीन दिवसांचे संदेश एकदा उघडून पाहावेत. सूचना आली असेल आणि वाचायची राहिली असेल, तर आपली तक्रार वसुलीबद्दल न करता जाहिरातीबद्दल करावी. सूचना आलीच नसेल, तर बँकेकडेही लेखी विचारणा करता येईल.

आपल्या भागात याला भाषेचाही एक पदर आहे. सकाळच्या दैनिकात घडी घालून येणारे पत्रक मराठीत असते, दुकानावरची पाटी कन्नडमध्ये असते आणि अटी इंग्रजीत, त्याही मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. टिळकवाडीतील एका व्यायामशाळेने "१२ महिन्यांच्या फीमध्ये ३ महिने मोफत" असे मराठीत छापले होते. ते तीन महिने हवे असतील तर पुढच्या वर्षाची फी आगाऊ भरावी लागेल, ही अट मला पावतीच्या मागे इंग्रजीत सापडली. भांडून दोन महिने मिळाले, तिसऱ्यावर पाणी सोडले. ही गोष्ट बरीच जुनी आहे. ९ जून २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी आता सांगितले आहे की, खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरशैलीत असला पाहिजे, आणि दिशाभूल करणारा दावा खुलाशाने सावरून घेता येणार नाही. दावा मराठीत असेल तर अटही मराठीतच हवी. सीमाभागातील ग्राहकांनी हा मुद्दा तक्रारीत आवर्जून लिहावा, कारण तो सिद्ध करायला पत्रकाखेरीज कशाचीही गरज पडत नाही.

आपल्या बाबतीत माझे मत असे आहे की, पहिल्या वर्षाची सवलत ही फसवणूक नाही, वसुली बहुधा नियमात बसेल, परंतु "मूळ किंमत" आणि "आज फक्त" हे शब्द दिशाभूल करणारे आहेत. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहून फरकाचे ७५० रुपये मागावेत. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेथे मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. त्यानंतरही काही झाले नाही, तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा बेंगळुरूत, ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ७५० रुपयांसाठी खानापूरहून किती खेपा घालायच्या, हे आपणच ठरवायचे. मी हेल्पलाइनपर्यंत नक्की गेलो असतो.

एक काम मात्र आजच करावे. मेहुण्यांना दिसणाऱ्या ७४९ रुपयांच्या पडद्याचे चित्र तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने काढून ठेवावे, आणि पंधरा दिवसांनी त्याच फोनवरून पुन्हा एकदा काढावे. "आज" अजून संपलेला नाही, हे दाखवायला ती दोन चित्रे पुरतील.