रद्दीवर चित्र काढताना करडा रंग आयताच मिळतो

तुमच्या दोन तक्रारी: जुन्या वर्तमानपत्रावर काढलेलं चित्र अक्षरांच्या गर्दीत हरवतं आणि जलरंग लावला की कागदाचा लगदा होतो. दुसरीचं उत्तर सोपं आहे. हा कागद जेमतेम 45 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 45 ग्रॅम वजनाचा, पातळ), त्याला पाणी सोसत नाही. जलरंग विसरा. कोळसा, काळा ब्रशपेन आणि घट्ट पांढरा पोस्टर कलर पुष्कळ झाला.

पहिलीचं मात्र सविस्तर सांगतो. छोट्या जाहिरातींचं पान हातभर लांब धरा आणि डोळे किलकिले करून बघा. सगळं सलग करडं दिसेल. म्हणजे मधली छटा फुकटात मिळाली! कोऱ्या कागदाच्या सवयीने आपण तीही पेन्सिलीने भरायला जातो, मग चित्र गढूळ होतं. इथे फक्त गडद आणि पांढरं टाकायचं. गावकावळा काढून बघा. त्याची मान करडी असते, तिथे हातच लावायचा नाही, मजकूर तसाच राहू द्यायचा. डोकं, पंख, शेपूट कोळशाने. डोळ्यात पांढरा ठिपका. बाहेरच्या कडेने पांढरा रंग फिरवला की कावळा पानातून उठून येतो.

पान आडवं फिरवून घ्या, नाहीतर बघणारा वाचत बसतो. वाचलं तर चालेल का, तेही आधी बघा. मी एकदा मांजर काढलं होतं. आमच्या मावशीने मांजराकडे ढुंकूनही न बघता त्याच्या पोटावरची निधनवार्ता मोठ्याने वाचली!

पिकासोने 1912 मध्ये ‘ल जुर्नाल’ या वृत्तपत्राचे तुकडे चित्रांत चिकटवले, तेव्हा शब्द निवडून कापले होते. एका चित्रात गिटारखाली ‘लढाई जुंपली’ अशा अर्थाचा मथळा आहे.

कागद पिवळा पडणारच. त्यात लाकडातलं लिग्निन असतं, ते उजेडाने तपकिरी होतं. माझी दोन चित्रं खिडकीसमोर टांगून अशीच गेली. काढल्या दिवशीच स्कॅन करून ठेवा.

आणि विषय सुचत नसेल तर क्रीडा पानावरचा एखादा फोटो उलटा धरा. झेल घेणारा खेळाडू ओळखू येईनासा होतो, नुसते सावल्यांचे आकार उरतात. त्याच पानाच्या मजकुरावर तेवढेच आकार कोळशाने उतरवा आणि झाल्यावर पान सुलटं करा.