स्कॉटलंडच्या ८ दिवसांच्या रेससाठी एफडी मोडू का?

ताई, तुमचा मेल नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. वय ३९, पुण्यात आयटीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख १० हजार. त्यातून होम लोनचा हप्ता ३८ हजार, घरखर्च ३५, एसआयपी २५ (१५ रिटायरमेंटची, १० मुलीच्या शिक्षणाची), मागे उरतात १२ हजार. बोनस मिळतो तो टॅक्स जाऊन वर्षाला १ लाख ३० च्या आसपास. मिस्टरांनी गेल्या वर्षी नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केलाय, त्यातून घरात अजून काही येत नाही. एफडी ४ लाख २०. आणि तुम्हाला पळायचीय केप रॅथ अल्ट्रा (अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पळायची रेस), विमान, व्हिसा, एन्ट्री, शूज सगळं धरून साडेपाच लाख. एफडी मोडू, पर्सनल लोन घेऊ, का दोन वर्षं रिटायरमेंटची एसआयपी बंद ठेवू, असं विचारलंय.

जा, नक्की जा. पण या तिन्हीतल्या एकाही पैशाने नको आणि येत्या मे मध्ये नको. दोन वर्षांनी जा.

एफडीचं आधी बघू. हप्ता आणि घरखर्च मिळून ७३ हजार, म्हणजे सहा महिन्यांचे झाले ४ लाख ३८ हजार. तुमची एफडी आत्ताच १८ हजाराने कमी पडतेय आणि घरात पगार एकच येतोय, तोही आयटीतला, जिथे लोकांना एका मीटिंगमध्ये घरी पाठवतात. ती एफडी मोडून तुम्ही स्कॉटलंडला गेलात आणि इकडे काही झालं तर हप्ता भरायला दागिने गहाण ठेवावे लागतील, म्हणून तिला हात लावू नका.

लोन ५ लाखाचं, ३ वर्षांचं, १३ टक्क्यांनी धरलं तर हप्ता येतो १६,८५० च्या घरात, तुमच्याकडे उरतात १२. तिथेच विषय संपला, वर साधारण १ लाख ६ हजार व्याज. एसआयपीचं सगळ्यांना सोपं वाटतं कारण लगेच काही दुखत नाही, पण १५ हजार दोन वर्षं म्हणजे ३ लाख ६० हजार, आणि १० टक्के धरले (गॅरंटी कोणीच देत नाही, हिशेबासाठी धरतोय) तर वीस वर्षांनी त्याचे वीस-बावीस लाख होतात. मिस्टरांच्या धंद्याचं अजून काही ठरलेलं नसताना तुमच्या म्हातारपणाची सोय थांबवायला माझा साफ विरोध आहे.

तुमच्या सासूबाई म्हणतात एवढ्या पैशात सगळं घर फिरून येईल. त्यांचा हिशेब बरोबर आहे, पण ही फिरायची ट्रिप नाहीये. फोर्ट विल्यमपासून स्कॉटलंडच्या वायव्य टोकावरच्या केप रॅथ दीपगृहापर्यंत साधारण ४०० किलोमीटर आठ दिवसांत, म्हणजे रोज सरासरी पन्नास, एकूण चढ ११ हजार मीटरच्या आसपास, बऱ्याच ठिकाणी धड पायवाट नाही, दलदल, ओढे ओलांडायचे, नकाशा बघत जायचं. मध्ये नॉयडार्टसारखा भाग लागतो जिथे गाडीरस्ताच पोचत नाही. संध्याकाळी तंबूत, सकाळी पुन्हा तेच ओले शूज. तुम्ही दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स अल्ट्रा पूर्ण केलीय, एसआरटीची (सिंहगड-राजगड-तोरणा रेस) ५० किलोमीटर केलीय, पंधरा वर्षं सगळ्यांसाठी कमावताय, एक मोठी गोष्ट स्वतःसाठी करावीशी वाटली तर ती उधळपट्टी नाही असं मला मनापासून वाटतं. फक्त ती घराच्या पायाखालची वीट काढून नको.

आता तुमच्या साडेपाच लाखात काय राहिलंय ते सांगतो, कारण मला खरी काळजी त्याची आहे. एक म्हणजे रजा. आठ दिवस रेस, त्याआधी दोन-तीन दिवस, नंतर चालता यायला चार दिवस, प्रवास, म्हणजे तीन आठवडे गेलेच, आणि त्यातला एक आठवडा बिनपगारी झाला तर पंचवीस हजार तिथेच गेले. दुसरं, कार्डावर पाउंडात खर्च केला की बँक बहुतेकदा दोन ते साडेतीन टक्के मार्कअप घेते, वर त्याच्यावर जीएसटी. टीसीएसची (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) भीती तुम्ही लिहिलीय ती सोडा, तो न लागता साधी रक्कम बाहेर पाठवायची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख आहे, तुम्ही खूप खाली आहात. व्हिसासाठी मात्र ३ महिन्यांआधी अर्ज करता येत नाही, तोपर्यंत एन्ट्रीचे पैसे भरून झालेले असतात, आणि व्हिसा नाकारला तर व्हिसाची फी परत मिळत नाही. म्हणून आयोजकांच्या रिफंडच्या अटी, कुठल्या तारखेपर्यंत किती परत, ते पैसे भरण्याआधी वाचून ठेवा.

इन्शुरन्सचं तर तुम्ही एका ओळीत ‘ट्रॅव्हल पॉलिसी ३ हजार’ लिहून सोडलंय. तीन हजारवाल्या साध्या पॉलिसीत रेसिंग आणि डोंगरातलं साहस बहुतेक वेळा वगळलेलं असतं. स्कॉटलंडमध्ये माउंटन रेस्क्यूवाले स्वयंसेवक असतात, ते पैसे घेत नाहीत, तेवढं बरं आहे. पण पाय मोडून अॅडमिट झालात, ऑपरेशन झालं, तर बाहेरून आलेल्या माणसाला बिल येतं, आणि प्लास्टर घातलेल्या पायाने परत यायचं विमानाचं तिकीट वेगळंच. कंपनीला ईमेल करा, ‘अनेक दिवसांची डोंगरातली धावण्याची स्पर्धा’ असं स्पष्ट लिहा, आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर ‘हो मॅडम कव्हर आहे’ म्हणतात त्याला काही अर्थ नाही.

आणि टर्म इन्शुरन्स! तुमच्याकडे फक्त ऑफिसचं कव्हर आहे, नोकरी गेली की तेही गेलं, आणि कर्ज तुमच्या नावावर. स्वतःची टर्म पॉलिसी आधी घ्या, फॉर्ममध्ये अल्ट्रा पळते हे लपवू नका. शूजच्या आधी हे.

पैसे असे जमवा. दोन वर्षांत १२ हजारप्रमाणे २२ महिन्यांचे २ लाख ६४ आणि दोन बोनसचे २ लाख ६०, म्हणजे सव्वापाच लाख, आरडीचं व्याज थोडंफार वर. सगळं आरडीत किंवा छोट्या एफडीत, शेअर मार्केटमध्ये नको, दोन वर्षांनी बाजार पडलेला असला तर रेस थांबणार नाही. खर्च मी ६ लाख धरेन, पाउंड काही स्वस्त होत नाहीये. कमी पडणारे साठेक हजार आणि टर्मचा हप्ता येत्या दोन पगारवाढींतून काढायचा, ती वाढ घरखर्चात मुरू द्यायची नाही.

या दोन वर्षांत शरीराचीही परीक्षा घ्या, ती जवळजवळ फुकट आहे. भर पावसात राजगड-तोरणा, दुसऱ्या दिवशी ओल्याच शूजनी सिंहगड, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तळवे पांढरे पडून कातडी सुटायला लागते का, कुठला मोजा चालतो, पाठीवरची बॅग कुठे घासते, हे इथेच कळेल, गारठा सोडला तर. तिसऱ्या दिवशी उठावंसं वाटलं नाही तर साडेपाच लाख वाचले. मग हवं तर वेस्ट हायलँड वे स्वतः पळा, मिलगायपासून फोर्ट विल्यम १५४ किलोमीटर, खुणा केलेली वाट, बॅग पुढच्या मुक्कामी नेऊन देणाऱ्या सर्व्हिस आहेत, एन्ट्री फी नाही. विमान आणि व्हिसा तेवढाच लागेल, पण कटऑफची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचायची टांगती तलवार नाही.

मिस्टरांशी बोलताना रेसचं नाव नंतर काढा, आधी विचारा की धंद्यातून घरात पैसे कधीपासून येतील आणि नाही आले तर नोकरी कधी बघायची. त्याची तारीख दोघांनी लिहून ठेवा. आणि २२ महिने म्हणालो ते यासाठी की पहिल्या दोन महिन्यांचे १२-१२ हजार एफडीत टाकायचे, तो १८ हजाराचा खड्डा आधी भरायचा, आरडी तिसऱ्या महिन्यापासून.