फ्रान्समधलं मृत्युपत्र: आधी हिशेब, मग लेखणी

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अशिलाच्या मृत्युपत्राचा मसुदा वाचला. पुण्यात तो बिनबोभाट चालेल, पण फ्रान्समधल्या लिऑं शहरात तीन ठिकाणी अडकेल. तो टाइप केलेला आहे, नवराबायकोनं एकाच कागदावर केलेला आहे आणि घर पुतणीला देताना त्यात दोन मुलांचा विचारच नाही.

आधी मुलांचं बघू. आपल्याकडे हिंदू माणूस स्वकष्टाची सगळी मिळकत मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतो. फ्रान्समध्ये मुलांसाठी राखीव हिस्सा असतो. एक मूल असेल तर अर्धी, दोन असतील तर एक तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर पाव, एवढीच मिळकत मनासारखी देता येते. मूलबाळ नसेल तर हयात नवऱ्याचा किंवा बायकोचा पाव हिस्सा राखीव. (गोव्याच्या अशिलाला हे समजावत बसावं लागत नाही, तिथेही अर्धी मिळकत राखीवच असते.)

हा हिस्सा कशाचा, इथे बरेच जण चुकतात. मृत्यूवेळची मिळकत घे, कर्ज वजा कर आणि हयातीत दिलेल्या देणग्या परत मिळव. त्यांची किंमत मृत्यूच्या दिवसाची धरायची, पण वस्तूची अवस्था देतानाची. समज, मिळकत ३,६०,००० युरो, कर्ज ६०,०००, आणि मुलाला हिश्श्यापोटी आधीच दिलेले ६०,००० रोख. बेरीज झाली ३,६०,०००. मुलं दोन, म्हणून मोकळा हिस्सा १,२०,०००. पुतणीला लिहून दिलेलं घर १,५०,००० चं निघालं, तर मुलं जास्तीचे ३०,००० तिच्याकडून मागू शकतात. घर बहुधा तिच्याकडेच राहतं, भरपाई पैशात द्यावी लागते. आपोआप मात्र काही होत नाही, मुलांनी मागणी करावी लागते. साधारण मुदत मृत्यूपासून पाच वर्षं. मुलं राजी असतील तर हा हक्क आईवडिलांच्या हयातीतच सोडता येतो, पण दोन नोतेरांसमोर (नोतेर म्हणजे असे दस्त करणारे तिथले सरकारमान्य कायदेतज्ज्ञ).

मग कर. पुतणीला सूट फक्त ७,९६७ युरोंची, उरलेल्यावर ५५ टक्के. तिच्या पदरी पडलेल्या १,२०,००० वर सुमारे ६१,६०० युरो. घर मिळालं आणि कर भरायला तेच विकावं लागलं, असं व्हायला नको. मित्राला दिलं तर ६० टक्के, सूट जेमतेम १,५९४. नवराबायकोला कर नाही. ‘पाक्स’ (लग्नाऐवजी केलेला सहजीवनाचा नोंदणीकृत करार) करून राहणाऱ्या जोडीदारालाही नाही, पण मृत्युपत्र नसेल तर तो वारसच ठरत नाही.

आता कागद. हस्तलिखित मृत्युपत्राला तीनच अटी: सगळा मजकूर स्वतःच्या हातानं, तारीख, सही. साक्षीदार लागत नाहीत. टाइप करून खाली सही केली तर ते रद्द, मग साक्षीदार कितीही उभे करा. दोघांनी दोन स्वतंत्र कागद लिहायचे. फ्रेंच येत नसेल तर नमुना समोर ठेवून अक्षरं गिरवायला लावू नकोस. न कळणाऱ्या भाषेत लिहिलेलं मृत्युपत्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये अवैध ठरवलंय. सरळ मराठीत लिहू दे, भाषांतर नंतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून होईल. लिहिता येत नसेल किंवा भांडणाची शंका असेल, तर नोतेरसमोरचं करावं: दोन नोतेर, नाहीतर एक नोतेर आणि दोन साक्षीदार.

कागद कपाटात ठेवू देऊ नकोस. नोतेरकडे दिला की त्याची केंद्रीय नोंद होते. तिथे शोध नाव आणि जन्मतारखेवरून घेतात, म्हणून मधलं नाव, आडनाव पासपोर्टात जसं आहे तसंच लागलं पाहिजे.

‘भारतीय कायदा लागू व्हावा’ हे तुझं वाक्य राहू दे. १७ ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय नियमानुसार आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडता येतो. पण त्यानं राखीव हिस्सा टळला असं अशिलाला सांगू नकोस. परक्या कायद्यात मुलांना असं संरक्षण नसेल, आणि मृत व्यक्ती किंवा एखादं मूल युरोपीय संघात राहणारं वा तिथलं नागरिक असेल, तर नोव्हेंबर २०२१ पासून मुलं फ्रान्समधल्या मिळकतीतून भरपाई घेऊ शकतात.

मुलाला खरंच असे पैसे दिले असतील, तर ते कधी दिले आणि त्यातून त्यानं काय घेतलं, ते अशिलाला आधी विचार. त्या पैशातून घर घेतलं असेल तर त्या घराची किंमत मोजावी लागेल आणि वरचा सगळा हिशेब बदलेल.