आईच्या पॅनवर भलत्याच कोणाचं कर्ज!

प्रश्न: ताई, आईला वसुलीवाल्यांचे फोन येतायत, म्हणे तिने ॲपवरून कर्ज घेतलंय. तिच्याकडे तर साधा बटणाचा फोन आहे! काय करू?

उत्तर: आधी आईला सांग की एक रुपयाही भरायचा नाही, घाबरून भरलं तर कर्ज तिचंच आहे असं मान्य केल्यासारखं होतं. होतं काय, आपण झेरॉक्सच्या दुकानात, लॉजवर, सिमवाल्याकडे आधार-पॅनची कॉपी देतो, ती पुढे विकली जाते आणि त्यावर सिम निघतं, खातं उघडतं, कर्जही निघतं, पैसे भलत्याच खात्यात. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चौघा कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढ आणि खोट्या कर्जावर तिथेच तक्रार टाक. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे आईला दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर, पोलिसात लेखी दे आणि पोच घे, पोच सोडू नकोस! कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळव. संचार साथी या सरकारी वेबसाइटवर आईच्या नावाची सिमं दिसतात, अनोळखी नंबर असला तर तिथूनच बंद करायला टाक. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, आजच लॉक कर.