एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, सात दिवसांच्या शिबिरात गरीब कुटुंब स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं का?

सात दिवसांत नाही. पण एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास नियमित काम करायचं असतं, खरा उपयोग त्या तासांचा होतो. १९६९ पासून ही योजना चालू आहे, तरी बऱ्याच ठिकाणी अजून रस्ते झाडण्यावरच वेळ जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या गटाने दत्तक गावात पापड करणाऱ्या एका मावशींसोबत बसून फक्त हिशेब मांडला. उडदाचं पीठ, पापडखार, तेल, पिशवी, एसटीचं भाडं असं सगळं वहीत लिहिलं. शेवटी त्यांच्या स्वतःच्या मजुरीचा रकाना आला, तो त्यांनी कधी धरलाच नव्हता! त्या रात्रीच त्यांनी भाव वाढवला.

मग उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, ते आधी बघा, अडतं तिथेच.

आणि एकच करा: तुमची बॅच बाहेर पडण्याआधी ती वही पुढच्या बॅचच्या नाही, मावशींच्या मुलीच्या हातात द्या.