बोहाड्यात पहिल्यांदा सोंग घेणाऱ्या पोरासाठी

यंदा मोखाड्याच्या (पालघर जिल्हा) बोहाड्यात, म्हणजे देव-दैत्यांचे मुखवटे बांधून रात्रभर नाचायच्या उत्सवात, तू पहिल्यांदा सोंग घेणार, याचा मला फार आनंद आहे. मुखवटा आधी दिवसा बांधून बघ. लाकडी असो की कागदाच्या लगद्याचा, मानेवर ओझं येतंच. कपाळाला, हनुवटीला जुन्या लुगड्याची घडी लाव, नाहीतर कातडी सोलवटते. डोळ्यांच्या भोकांतून पायाखालचं काही दिसत नाही, म्हणून नाचाची वाट आधी अनवाणी चालून ठेव आणि ओळखीचा माणूस शेजारी घे.

पाऊल मात्र संबळाच्या ठेक्यावरच टाक. नवी पोरं घाईने वाजंत्र्यांच्या पुढे पळतात, ते मला अजिबात आवडत नाही. सोंगाची चाल वेगळी असते. गणपती संथ डुलतो, दहा तोंडांच्या रावणाला वळायला मोकळी जागा लागते (तो पुढे असेल तर लांबच राहा!). जुनी माणसं कशी वळतात ते नीट बघ.

पहाटेपर्यंत जागायचंय, तेव्हा पोटभर जेवून नाचू नकोस. जगदंबा आणि महिषासुराची लढाई शेवटी असते, तोवर थांबायचंच. आणि मुखवटा बांधण्याआधी त्याच्या पाया पड. तो उतरवल्यावर जमिनीवर टाकू नकोस.